प्रश्नचिन्ह, विसर्ग आणि 'इतर'

सी भाषेत प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम यांची एक जोडी आहे. पुस्तकात तिला कंडिशनल ऑपरेटर म्हणतात. मुले टर्नरी म्हणतात, कारण तिला तीन गोष्टी लागतात: आधी अट, मग प्रश्नचिन्हापुढे अट खरी ठरली तर काय, आणि अपूर्णविरामापुढे खोटी ठरली तर काय. इफ आणि एल्सच्या चार ओळींचे काम ती एका ओळीत करते. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. कॉम्प्युटरशी माझा संबंध म्हणजे बीएडनंतर केलेली एमएस-सीआयटी आणि शाळेचे ऑनलाइन फॉर्म. तरी गेली दोन वर्षे माझे बरेच रविवार या जोडीने घेतले, आणि अक्षरे शिकवण्यात उमर घालवलेल्या माणसाला अक्षरांविषयी पुष्कळ काही सांगितले.

याला कारण माझी भाची. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग सायन्स, आणि आता महाडला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. आम्ही राहतो ते आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला. शनिवारी दुपारची एसटी पकडून ती आमच्याकडे येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. पहिल्या सहामाहीत एका शनिवारी ती आली ती तोंड पाडूनच. प्रॅक्टिकलच्या वेळी कोणीतरी तिला म्हणाले होते, "उर्दू मीडियमच्या मुलींना हे जड जातं, तू आर्ट्सला का नाही गेलीस?" घरी तिच्या अब्बांनीही सांगून ठेवले होते की दिवाळीपर्यंत जमले तर ठीक, नाहीतर आर्ट्स. (तेही एक कंडिशनलच झाले, पण तेव्हा हे आम्हा दोघांना सुचले नाही.) ती म्हणाली, "मामू, मला प्रोग्राम पाठ होतो, कळत नाही." मी म्हणालो, "बेटा, मला पाठही होत नाही. चल, दोघे बसू."

तिच्याकडे कॉलेजच्या लायब्ररीतले 'लेट अस सी' होते, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या कितीतरी मुलांनी सी याच पुस्तकातून शिकलेली आहे. इंग्रजी सोपे आहे, पण उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला सोपे इंग्रजीही सुरुवातीला भिंतीसारखे वाटते. म्हणून आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि आधी ती जोडी आपल्या बोलीत सांगून पाहिली.

ही जोडी आपल्या बोलीला इफ-एल्सपेक्षा जवळची आहे, असे माझे मत आहे. आपण बोलताना 'जर पाऊस असेल तर छत्री घे' असे क्वचितच म्हणतो. 'पाऊस आहे का? छत्री घे, नाहीतर राहू दे' असे म्हणतो. आधी प्रश्न, मग 'हो'चे उत्तर, मग 'नाहीतर'. अपूर्णविराम म्हणजे 'नाहीतर', एवढे सांगितल्यावर भाचीचा चेहरा जरा उजळला. आणि प्रश्नात प्रश्न कसा बसतो हे सांगायला आमच्याकडे घाट आहेच. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की आंबेनळी बंद होतो. मग पोलादपूरच्या स्टँडवर देशावर जाणारा माणूस मनात हाच हिशोब करतो:

आंबेनळी चालू ? आंबेनळीने जा : वरंधा चालू ? वरंध्याने जा : ताम्हिणीने जा

दुसरा प्रश्न पहिल्याचे उत्तर 'नाही' आले तरच विचारला जातो. आंबेनळी चालू असेल तर वरंध्याची चौकशी कोण कशाला करील? सीमध्येही अगदी असेच आहे. दोन बाजूंपैकी एकच चालवली जाते, दुसरीला हात लागत नाही. आणि अशी साखळी उजवीकडून बांधली जाते, म्हणजे शेवटचा प्रश्न आधीच्या प्रश्नाच्या 'नाहीतर'मध्ये बसतो. हे तिला एकदा घाटावर कळले आणि पुन्हा विचारावे लागले नाही.

तिचे प्रॅक्टिकल मात्र अक्षरांचे होते. दिलेले कॅरेक्टर कॅपिटल आहे, स्मॉल आहे, अंक आहे की यांपैकी काही नाही, ते कंडिशनल ऑपरेटरने सांगा; आणि स्मॉल असेल तर त्याचे कॅपिटल करा. त्यासाठी तिने चार आकडे पाठ केले होते: ६५, ९०, ९७, १२२. ते कुठून आले, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

उर्दू शिकवणाऱ्याला अक्षर म्हणजे आकडा ही गोष्ट नवी नाही. आमच्याकडे अबजद आहे. अलिफचा १, बेचा २, जीमचा ३, दालचा ४, असे करत गैनचा १०००. रिक्षावर, दुकानावर दिसणारा ७८६ हा आकडा त्याच हिशोबातून आलेला. जुने शायर एखाद्याच्या निधनाचे किंवा मशिदीच्या बांधकामाचे साल एका ओळीत लपवत, अक्षरांची बेरीज केली की साल निघे. तेव्हा मी भाचीला म्हणालो, हे अमेरिकन अबजद आहे. त्याचे नाव अॅस्की. १९६३ साली ते पहिल्यांदा ठरले, तेव्हा त्यात स्मॉल अक्षरे नव्हती; १९६७ च्या आवृत्तीत ती आली. कॅपिटल एचा ६५, झेडचा ९०. स्मॉल एचा ९७, झेडचा १२२. दोन्हींत अंतर ३२, आणि हे योगायोगाने नाही. ३२ म्हणजे दोनाचा पाचवा घात, म्हणून कॅपिटल आणि स्मॉल यांच्यात फक्त एका बिटाचा फरक पडतो. कॅपिटल करायचे म्हणजे तेवढा एक बिट बंद करायचा.

म्हणून ती प्रसिद्ध ओळ. इथे मी ती देवनागरीत लिहितो, यंत्रासाठी ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहितात:

अक्षर >= ९७ && अक्षर <= १२२ ? अक्षर - ३२ : अक्षर

वाचायची अशी: आकडा ९७ आणि १२२ च्या दरम्यान आहे का? असेल तर ३२ वजा कर, नाहीतर आहे तसे राहू दे. शेवटचा भाग मुले विसरतात. 'नाहीतर'च्या पुढे काहीतरी लिहावेच लागते, मोकळे सोडता येत नाही. इफला एल्स नसले तरी चालते, या जोडीला चालत नाही. मला तिची ही गोष्ट आवडते.

आणखी एक गोष्ट मुलांना अडते. एकेरी अवतरणातले अक्षर म्हणजे आकडा, दुहेरी अवतरणातले म्हणजे शब्द, मग तो एका अक्षराचा का असेना. प्रश्नचिन्हापुढे एकेरी आणि अपूर्णविरामापुढे दुहेरी लिहिले की कंपायलर कुरकुर करतो, कारण एका बाजूने आकडा येणार आणि दुसऱ्या बाजूने पत्ता. शिवाय कॅरेक्टर एका बाइटचे असले तरी या जोडीतून बाहेर पडताना ते पूर्णांक होऊन येते. आमच्या लॅपटॉपवर आकार विचारला तर आत जाताना १, बाहेर येताना ४. छापताना 'आकडा म्हणून' सांगितले तर ६५ उमटते आणि 'अक्षर म्हणून' सांगितले तर ए. तीच वस्तू, विचारण्याची रीत वेगळी.

इथवर दोन रविवार गेले. प्रॅक्टिकल तयार झाले होते. तिथेच थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण भाचीला हौस आली, आणि चहा होईपर्यंत तिने प्रोग्रामला एक शब्द दिला: आंबेनळी. मराठीत.

पडद्यावर उमटले: इतर, इतर, इतर, इतर... मोजले तर एकवीस वेळा.

मराठी वाचणारा आंबेनळी चार अक्षरांत म्हणतो: आं, बे, न, ळी. प्रोग्रामने एकवीस मोजली आणि एकवीसच्या एकवीस 'यांपैकी काही नाही' या खान्यात टाकली. भाचीला वाटले लॅपटॉप बिघडला. मग तिने आकडे छापून पाहिले. पहिले तीन आले वजा ३२, वजा ९२, वजा १२२. अक्षराला ऋण आकडा! अबजदमध्येही असे कधी झाले नाही.

हे समजायला आम्हाला बरेच दिवस लागले, पण गोष्ट सरळ आहे. सीचे कॅरेक्टर एका बाइटचे असते, त्यात २५६ आकडे मावतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी सी तयार केली तेव्हा समोर रोमन लिपी होती, तिला एवढी जागा भरपूर. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले आहेत. ते एका बाइटात बसत नाहीत. म्हणून साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मोडले जाते. आंबेनळीत चिन्हे सात: आ, अनुस्वार, ब, एकाराची मात्रा, न, ळ, दीर्घ वेलांटी. सात त्रिक एकवीस. उर्दूच्या अक्षराला दोन बाइट लागतात. महाड हा शब्द रोमनमध्ये पाच बाइटांचा, उर्दूत आठ, मराठीत बारा. आणि ऋण आकडा यासाठी की बऱ्याच यंत्रांवर साधे कॅरेक्टर वजा १२८ ते १२७ असे मोजते. २२४ हा बाइट त्यात मावला नाही की २५६ वजा होऊन वजा ३२ दिसतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो, म्हणून आमच्या प्रत्येक अक्षराच्या कपाळावर वजा ३२. अनसाइन्ड कॅरेक्टर घेतले की खरे आकडे दिसतात. तयार फंक्शने वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: अक्षर कॅपिटल आहे का, असे विचारणाऱ्या सीच्या फंक्शनांना असा ऋण आकडा देणे नियमातच बसत नाही.

एकेरी अवतरणात क लिहून तो कॅरेक्टरमध्ये ठेवायचा प्रयत्न केला तर कंपायलर ताकीद देतो की यात एकापेक्षा जास्त अक्षरे आहेत. ताकीद न जुमानता पुढे गेलो तर तीन बाइटांतला शेवटचा तेवढा उरतो, १४९. गंमत अशी की बंगाली क आणि गुजराती क यांचाही शेवटचा बाइट १४९ च. म्हणजे तिन्ही क एका दारातून आत गेले की कोणता कोणाचा हे सांगता येत नाही.

मग भाचीने साखळीच्या सुरुवातीला दोन प्रश्न घातले. पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ ? देवनागरी : पहिला बाइट २१६ ते २१९ ? उर्दू : पुढचे सगळे जुने प्रश्न. उर्दू म्हणजे खरे तर अरबी-फारसी घराण्याची मुख्य अक्षरे, पण आमच्या कामाला तेवढे पुरे. ज्या दिवशी पडद्यावर आंबेनळीपुढे सात वेळा 'देवनागरी' उमटले, त्या दिवशी ती आर्ट्सचे नाव विसरली. प्रॅक्टिकलच्या वहीत तिने हे लिहिले नाही, तिथे मागितलेले तेवढेच लिहिले. हुशार आहे.

पुढचा प्रश्न माझा होता. रोमन अक्षरासाठी 'ए आणि झेडच्या दरम्यान आहे का' असे विचारता येते, तर मराठीसाठी 'अ आणि ह च्या दरम्यान आहे का' असे का विचारू नये? बाइट जोडून पूर्ण क्रमांक काढला आणि विचारले. अ म्हणजे २३०९, ह म्हणजे २३६१. आंबेनळी आत गेली आणि बाहेर आली 'आबनळ'. अनुस्वाराचा क्रमांक २३०६, तो अ च्या आधी बसतो. एकाराची मात्रा २३७५, वेलांटी २३६८, त्या ह च्या नंतर. तिन्ही दाराबाहेर. ज्या वर्गात मी मात्रा विसरल्याबद्दल अर्धा गुण कापतो, त्या मात्रांना ही अट अक्षरच समजत नाही.

ळ आत राहिला, पण कुठे? मराठी बाराखडी पाठ असलेले मूल ळ म्हणते ते ह नंतर. इथे तो २३५५, ल आणि व यांच्या मध्ये. याचा इतिहास आपल्या घरचा आहे. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा तक्ता तयार झाला, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो आयएस १३१९४ म्हणून मंजूर केला, आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने ती अक्षरे डॉसच्या पडद्यावर आणली. देवनागरीपासून मल्याळमपर्यंत सगळ्यांना एकच तक्ता, म्हणून एका लिपीचा क्रम थोडा इकडेतिकडे होणारच. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. उर्दू त्या तक्त्यात नव्हती, तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. इस्कीत एक चिन्ह एका बाइटात मावत होते, त्यामुळे त्या काळी सीच्या साध्या कॅरेक्टरवरही मराठीची अट लिहिता आली असती. इंग्रजी पाटीवर आंबेनळीचा ळ एल होऊन जातो, त्यापेक्षा ल शेजारचा ळ बरा, असे मी स्वतःला समजावले.

याच्या उलट कारभार जुन्या फॉन्टांचा. टायपिस्टकडून आणलेली कृतिदेवमधली एक जुनी फाइल भाचीने प्रोग्रामला दिली. तिला वाटले पुन्हा 'इतर' येणार. आले 'स्मॉल, स्मॉल, कॅपिटल'. कारण कृतिदेवमध्ये क म्हणजे आत स्मॉल डी, आकडा १००. त्यावर फक्त मराठीचा मुखवटा. मग मी म्हणालो, आता कॅपिटल करणारी ती ओळ चालव. १०० मधून ३२ गेले, ६८ राहिले, आणि पडद्यावर क चा अर्धा क् झाला. म चा म्, न चा न्. जुन्या मराठी टाइपरायटरवर अर्धे अक्षर शिफ्ट दाबून येई, तीच मांडणी फॉन्टाने उचलली होती. म्हणजे ३२ वजा केल्यावर इंग्रजी अक्षर मोठे होते आणि कृतिदेवचे अर्धे. त्या संध्याकाळी आम्ही दोघे खूप हसलो.

अर्ध्या अक्षरावरून र ची गोष्ट आठवते, ती आमच्या भागाची आहे म्हणून सांगतो. आंबेनळीच्या रस्त्याला दोन्ही अंगांना दऱ्या आहेत. खाली वाहणारी सावित्री पुढे महाडवरून जाऊन दर्याला मिळते. दऱ्या आणि दर्या. मराठी वाचणाऱ्याला रफार आणि तो आडवा र यांतला फरक कळतो.  युनिकोडमध्ये र २३५२ आणि आडव्या र साठी वापरायचा नुक्त्याचा ऱ २३५३, त्यापुढे हलन्त, मग य. शिवाय जुन्या पद्धतीने साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तोच आडवा र लिहिता येतो. दिसायला दोन्ही एक, पण 'दोन्ही समान आहेत का' विचारले तर सी 'नाही' म्हणते. माझ्या उर्दूच्या वर्गात तर आणखी एक घोळ आहे, उर्दूत दर्या म्हणजे नदी. तिथे सावित्री स्वतःच दर्या. पण त्याचा दोष कॉम्प्युटरला देता येत नाही.

जोडीतल्या दोन चिन्हांनाही जुळी भावंडे आहेत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून अपूर्णविराम द्यायला गेले की पुष्कळदा विसर्ग पडतो. डोळ्याला दोन टिंबे, क्रमांक २३०७. सीला हवा असतो ५८. उर्दू कीबोर्डवर प्रश्नचिन्ह उलट्या तोंडाचे येते, क्रमांक १५६७. सीला हवे ६३. भाचीच्या फोनवर तिन्ही कीबोर्ड आहेत, आणि एकदा एका ओळीत उलटे प्रश्नचिन्ह आणि विसर्ग दोन्ही होते. कंपायलरने सात चुका दाखवल्या. मला ती ओळ तशीच बरी वाटत होती.

हे सगळे खेळ वाटेल, पण मग शाळेचा हजेरीपट आला. उर्दू वर्गाची नावे उर्दू वर्णक्रमाने लावून द्यायची होती. भाची म्हणाली, "मामू, दोन नावांची पहिली अक्षरे घ्यायची, लहान आकडा वर, मोठा खाली. एक कंडिशनल पुरे." केले. अलिफची मुले वर आली, बेची आली, आणि परवीन गायब. ती सापडली खाली, वहीदाच्या नंतर. तिच्यासोबत चाँद, कौसर, गुलनाज.

कारण असे. अरबीची अक्षरे अलिफ १५७५ पासून ये १६१० पर्यंत एका ओळीत बसली आहेत. अरबीत पे नाही, चे नाही, गाफ नाही, टे, डाल, ड़े नाहीत. त्यांना पुढे जिथे जागा मिळाली तिथे बसवले: पे १६६२, चे १६७०, गाफ १७११. इतकेच नाही, उर्दूचा काफ, गोल हे आणि छोटी ये यांनाही अरबीहून निराळे क्रमांक आहेत. अरबी काफ १६०३, उर्दू काफ १७०५. एका फॉर्मवर कोणीतरी अरबी कीबोर्डने कौसर लिहिले होते आणि दुसऱ्यावर उर्दूने, तर यादीत कौसर दोन झाल्या. एकीची फी भरलेली, दुसरीची बाकी. अलिफ ते अरबी ये असा पट्टा धरून 'हे अक्षर आहे का' विचारले तर आमची निम्मी पोरे वर्गाबाहेर उभी राहतील.

अबजदवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. पेला त्यांनी बेचा २ दिला, चेला जीमचा ३, गाफला काफचे २०, टेला तेचे ४००. शेजाऱ्याच्या पाटावर बसवले, घराबाहेर काढले नाही. बेरजेला ते चालते. हजेरीला चालत नाही, कारण तिथे बे आणि पे यांना वेगळा क्रम हवा.

भाचीने आधी कंडिशनलची साखळी करायचा हट्ट धरला. पे आहे का? तर दोनच्या पुढे : टे आहे का? तर... अशी ओळ पडद्याच्या उजवीकडून बाहेर गेली. नवव्या अक्षराला तिलाच कळेना की कोणता 'नाहीतर' कोणाचा. घाट तीन होते तोवर ठीक होते. मी म्हणालो, शाळेत आम्ही प्रत्येक अक्षराला प्रश्न विचारत नाही, भिंतीवर तक्ता लावतो. मग तिने एक तक्ता केला. डावीकडे युनिकोडचा क्रमांक, उजवीकडे वर्णमालेतला आमचा क्रमांक, आणि दोन्ही काफांपुढे एकच क्रमांक. त्यानंतर एकच कंडिशनल उरले, दोन नावांत कोण आधी एवढे विचारणारे. परवीन वर आली. कौसर एक झाली.

लॅटिन लिपीतही सगळे सरळ आहे असे समजू नये. सीच्या नियमपुस्तकात फक्त ० ते ९ हे अंक सलग असतील असे वचन आहे, ए ते झेड सलग असतील असे नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर एबसिडिक नावाचा दुसरा तक्ता चालतो. त्यात आय आणि जे यांच्यामध्ये फट आहे, आर आणि एस यांच्यामध्ये फट आहे, आणि कॅपिटल अक्षरे स्मॉलपेक्षा ६४ ने मोठी. तिथे आमची ती प्रसिद्ध ओळ भलतेच काही छापेल. म्हणून जाणकार ३२ वजा करत नाहीत, ते काम तयार फंक्शनवर सोपवतात. तोंडी परीक्षेत भाचीने हे सांगितले. समोरच्या सरांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिले, असे ती सांगते. गुण चांगले पडले. तिच्या अब्बांनी दिवाळीला आर्ट्सचा विषय काढला नाही.

हजेरीपटाचे काम अजून संपलेले नाही. भूमिका, फूलबानो, थानवी अशी नावे आली की आमचे भांडण होते. उर्दूत भ म्हणजे बे आणि दोचश्मी हे, १५७६ आणि १७२६, दोन क्रमांक. भाची म्हणते, दोन आकडे म्हणजे दोन अक्षरे, बेच्या नावांमध्येच लावा. मी वर्गात भे हे एकच अक्षर शिकवतो, त्याला वेगळी ओळ हवी. तिच्या तक्त्यात एका क्रमांकालाच एक ओळ मिळते. ती म्हणते, मामू, मग पुढचे अक्षर पाहणारे आणखी एक कंडिशनल घालावे लागेल. मी म्हणालो, घाल. येत्या रविवारी आंबेनळी चालू राहिला तर ती साताऱ्याला मावशीकडे जाणार आहे, नाहीतर इकडे येणार आहे.